दोन टकल्यांची प्लेट

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. अगार, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात ती जेली, शिजवायचं, प्लेटांत ओतायचं आणि ते गोठलं की त्यावर मातीतल्या जंतूंचे ठिपके ठेवायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. तिच्या प्लेटवर परका जंतू कधी उगवला नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

हे जंतू धाग्याधाग्यांनी वाढतात. आधी अगारात खाली पसरतात, मग एखाद्या सकाळी वर पांढरी लव येते. ती लव येताना बघायचा मावशीला नाद. उबेच्या खोलीत स्टुलावर बसलं की ओल्या मातीचा वास नाकात भरे, डोळे अर्धवट मिटत आणि वाटे, ही सगळी मंडळी आपापसांत कुजबुजतायत, आपण नुसतं ऐकत राहावं. नवरा म्हणे, जंतूंचं ऐकू येतं, माझं मात्र नाही.

संशोधन करणाऱ्या मुलीने जंतूंच्या एकेका वाणातलं एकेक जनुक काढून टाकलं होतं. त्या वाणांना लव येईना, म्हणून त्यांचं नाव टकले. लव येण्याचा हुकूम नेमका कोण कुणाला देतं, हे शोधण्यात पोरीची तीन वर्षं गेली होती.

त्या सोमवारी मावशीची अशीच तंद्री लागली आणि उरलेलं अगार बाटलीतच थिजलं. एक प्लेट कमी पडली. एका प्लेटवर एकच टकला, हा नियम. तिने शेवटच्या प्लेटवर दोघांना शेजारी बसवलं, लेबल एकाचंच लावलं आणि गप्प राहिली.

शुक्रवारी त्यातल्या लेबल लावलेल्या टकल्याला लव आली. मुलीचा चेहराच उतरला. शेजारी भलताच ठिपका, म्हणजे वाणातच भेसळ. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी प्लेट पाहिली आणि म्हणाल्या, मावशींच्या हातून असं होणं शक्य नाही, दोष वाणातच आहे. सगळं टाकून दे, दुसरा विषय घे.

मुलगी ट्रे घेऊन जंतू मारायच्या वाफेच्या यंत्राकडे निघाली. आपलं चांगलं नावच पोरीच्या मुळावर आलं होतं. अजून चार पावलं गप्प राहिलं की नाव शाबूत.

"थांब पोरी," ती म्हणाली. "भेसळ नाहीये. तो तुझाच दुसरा टकला आहे. मीच ठेवला. प्लेट कमी पडली होती."

मॅडमनी चष्मा चढवला आणि प्लेट खिडकीशी नेली. लव फक्त शेजाऱ्याकडच्या कडेला आली होती. पलीकडची बाजू तशीच तुळतुळीत.

"हुकूम याला तयार करता येत नाही," मुलगी हळूच म्हणाली. "शेजाऱ्याला येतो, त्याचं पुढचं काहीतरी अडलंय. अगारातून झिरपत आलाय तो." आणि तिला रडू कोसळलं. मावशीने तिच्या हातातला ट्रे काढून घेतला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या की नियम मोडलाय, वहीत लिहावं लागेल. आणि सोमवारी सगळ्या टकल्यांच्या जोड्या अशाच शेजारी बसवायच्या. मावशीने मान हलवली.

दोघांत अंतर किती होतं, मुलीने विचारलं. मावशीने कुठे मोजलं होतं! तिने झाकणावर आपली तर्जनी आडवी ठेवली. मुलीने पट्टी लावून तिची जाडी मोजली आणि मावशीचं नाव घालून सगळं वहीत उतरवलं. बावीस वर्षांत तिचं नाव त्या वहीत पहिल्यांदाच आलं, तेही चुकीसाठी. मावशीने ती ओळ दोनदा वाचली.