काचघरातले प्लास्टिकचे बोंबील

मंडळी, सकाळी आपल्या ग्रुपवर एक जुना फोटो आला. ऐंशी सालच्या आसपासचा, बेलापूरच्या हायवेलगतच्या काचघराचा. त्याखाली तुम्ही बदामांचा नुसता पाऊस पाडलात.

ते काचघर आधी मुंबईच्या एका प्रदर्शनात होतं. प्रदर्शन संपल्यावर सुटं करून ट्रकने आणलं आणि आमच्या दिवाळे गावाच्या मासळी सुकवायच्या जागेवरच उभं केलं. नव्या फ्लॅटमधले लोक रविवारी पोराबाळांना घेऊन बघायला यायचे. आत एका कोपऱ्यात ‘कोळ्यांचं जीवन’ मांडलं होतं. तिथे एक बाई दिवसभर बसायची. तिच्या डोक्यावर बांबूला टांगलेले बोंबील मात्र प्लास्टिकचे. खऱ्यांचा वास पाहुण्यांना सोसायचा नाही.

फोटोतली ती बाई म्हणजे माझी आई.

आज दुपारी आई अंगणात बोंबील वाळत घालत होती, तेव्हा शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आमच्या दारात आले. “मावशी, ही मासळी वाळवणं बंद करा. आमच्या लोकांना त्रास होतो.” मग मोबाईल काढून मला तोच फोटो दाखवला. “काय दिवस होते! ही संस्कृती जपायला पाहिजे.”

आईने वाकून पाहिलं. “मीच हाय ती.”

सेक्रेटरी हरखले. तिच्यासोबत सेल्फी काढला. निघताना पुन्हा म्हणाले, “उद्यापर्यंत हे काढा हं.”

“मग प्लास्टिकचे लावू का?” आईने विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. “चालेल की! छान दिसेल.”

तो सेल्फी आत्ताच ग्रुपवर आलाय. बदाम टाकताय ना?