मशीनला रंग दिसत नाही

धुक्यात पुढचा सिग्नल किती मीटरवर आहे, ते रेल्वे इंजिनातलं मशीन दाखवतं. रंग दाखवत नाही. म्हणून सिग्नल दिसला की मी, सहायक चालक, हात वर करून रंग ओरडायचा आणि चालकानं तोच रंग परत म्हणायचा, ही रीत. आमचे चालकसाहेब मात्र मशीनमध्ये तोंड घालून बसायचे. वर मलाच म्हणायचे, "मशीन सांगतंय की. तू कशाला बोंबलती?"

त्या सकाळी दौलताबाद सोडलं आणि मी ओरडले, "लाल!" साहेबांचं तोंड मशीनमध्येच. बेंबीच्या देठापासून पुन्हा ओरडले, तेव्हा कुठं ब्रेक लागला.

संभाजीनगरला उतरल्यावर साहेब सगळ्यांना सांगत होते, "मशीन लई कामाचं. आज त्यानंच वाचवलं."

बसलेल्या आवाजात मी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, लाल आहे हे पण त्यानंच सांगितलं का?"