गोणपाटाखालची ओल

ओल्या मातीचा गार वास दारातच भेटला. बाहेर दुर्गजवळच्या कुरुद गावावर पौषातलं कोवळं ऊन पसरलं होतं, पण आत, जिथे आता संग्रहालयाची पाटी लागली आहे त्या काकांच्या कार्यशाळेत, जुना ओलावा तसाच होता. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. दिवसा पोलादाच्या प्लांटमधली नोकरी आणि उरलेल्या वेळी मूर्तिकला, असाच त्यांचा जन्म गेला. त्यांच्या पश्चात मावशी मागच्या दोन खोल्यांत एकटी राहते, आणि तिला नागपूरला माझ्याकडे न्यायचंच, असं ठरवून मी चांगली कंबर कसून आले होते.

प्लांटच्या कामगार-कॅम्पातले मजूर, भाजीवाल्या, उतईच्या बाजाराला निघालेली म्हातारी, काकांनी घडवलेले सारे पुतळे तिरप्या उजेडात दोरीपलीकडे स्तब्ध उभे होते. कोपऱ्यात मात्र दोरी नव्हती. तिथे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काकांच्या शेवटच्या, अर्धवट राहिलेल्या कामावर मावशी पाणी शिंपडत होती. वाळली की माती तडकते, म्हणून हे रोजचंच.

मला रागच आला. मातीच्या एका गोळ्यापायी म्हातारपणी एकटं राहायचं, हा कुठला हट्ट? म्हटलं, संग्रहालयवाले प्लास्टरचा साचा घेऊन पक्का पुतळा करतो म्हणतात, तर करू दे ना त्यांना.

"साचा काढताना आतली माती मोडते," ती म्हणाली. "त्यायची बोटं हायेत तिच्यावर. अन् ओली हाये तोवर त्यायचं काम सुरूच हाये ना वं? मी आली तं याले पाणी कोन देईन?"

मग तिने गोणपाट उलगडलं. चेहरा तिचाच होता. गालावर अंगठ्याचा ठसा, केसांची जेमतेम सुरुवात, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. साऱ्या गावाला घडवून झाल्यावर, अगदी शेवटी, त्या माणसाने बायकोला समोर बसवलं होतं.

"डोळे उद्या करू म्हनले होते," मावशी म्हणाली, आणि ओलं फडकं माझ्या हाती दिलं. "कानामागं सुकून राहिलं पाह्य. तू लाव."

मी त्या मातीच्या कानामागे फडकं हलकेच दाबून धरलं आणि मला रडू आवरेना. नागपूरचं नाव पुन्हा काढवलं नाही.

संध्याकाळी दुर्गहून मी एकटीच गाडीत बसले. कापणी झालेली धानाची शेतं अंधारात विरत गेली. नखांत माती अडकली होती. गोंदिया आलं तरी मला हात धुववेनात.