राऊतांच्या नावाची बेल

आमच्या मैथिलीचं ठरत आलेलं लग्न मोडायला निघालं होतं. कारण हुंडा नव्हता, पत्रिका नव्हती, मुलगाही नव्हता. कारण माझा ईमेलचा पत्ता होता.

पण आधी माझा संताप समजून घ्या, म्हणजे मला वेडा ठरवायची घाई होणार नाही. नायगावला चष्मा करायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी विचारते, "सर, ॲनिव्हर्सरी डेट?"

"चष्मा मला करायचाय, माझ्या लग्नाला नाही!"

"त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही सर."

दिली तारीख. (खरी तारीख बायकोच्या लक्षात असते. मी अंदाजाने सांगितली. आता दर वर्षी त्या भलत्याच दिवशी मला लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, आणि बायको माझ्याकडे बघते.) तुळिंजच्या बाजारात चपला घेतल्या, तर बिलाआधी मोबाईल आणि ईमेल. अहो, चपलेला ईमेल कशाला? ती काय घरी पोचल्यावर कळवणार आहे? मग सुरू होतात फोन. "सावंत सर, चिंचोटीला धबधब्याच्या बाजूला प्लॉट आहे." नको म्हटलं, तर म्हणतो, "मैथिली मॅडमच्या लग्नाच्या वेळी कामाला येईल सर!" माझ्या मुलीचं नाव या माणसाला सांगितलं कोणी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यातही मला सगळ्यात चीड लकी ड्रॉच्या कुपनांची. सोन्याच्या नाण्याच्या आशेने माणसं स्वतःची सगळी कुंडली लिहून त्या डब्यात टाकतात. नाणं लागलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मी घरात हुकूमच काढला, "यापुढे कुठल्याही कुपनावर आपला पत्ता लिहायचा नाही!"

"मग कोणाचा लिहायचा?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न मला तेव्हा निव्वळ उर्मट वाटला.

शेवटी मी चिडून आमच्या आडनावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवर आपल्या नावाची स्वतंत्र जागा, विकत घेतलं. याचा फायदा असा, की आडनावाआधी हवं ते लिहा, ईमेल माझ्याकडेच येतो. घर एक, पण दाराला हव्या तितक्या बेल. चपलावाल्याला मी 'चप्पल' नावाचा पत्ता दिला, चष्मेवाल्याला त्याच्या दुकानाच्या नावाचा. ज्याच्या नावाची बेल परका माणूस वाजवेल, तो फितूर! महिन्याभरात चष्मेवाल्याच्या पत्त्यावर गृहकर्जाची जाहिरात आली. मी मुद्देमालासकट दुकानात धडकलो. त्या मुलीने पत्ता वाचला, त्यात दुकानाचं नाव पाहिलं आणि ताडकन उभी राहिली. "सर, तुम्ही हेड ऑफिसमधून आलात का?" भांडायला गेलेला मी स्पेशल चहा पिऊन परत आलो.

इथे मी शहाणा व्हायला हवं होतं.

त्याच सुमारास माझ्या ताईने आगाशीच्या राऊतांचं स्थळ आणलं. ही माझी थोरली बहीण तुळिंजला राहते आणि लग्नं जमवते. राऊतांची केळीची वाडी आहे, आणि मुलगा प्रथमेश इंजिनिअर आहे. मैथिलीने आजवर आलेल्या प्रत्येक मुलाला नाक मुरडलं होतं. प्रथमेशला भेटून आली आणि आपणहून भांडी घासायला लागली. हा मुलगा तिला हवा होता. तो हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच काम आम्हा सगळ्यांना होतं.

राऊतांनी रीतसर बायोडाटा मागितला. आता आपला लग्नाचा बायोडाटा बघा! जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, उंची, रास, पगार, घरचा पत्ता, बापाचा फोन. आईचं माहेरचं आडनाव बँका गुप्त प्रश्न म्हणून विचारतात, ते आपण ठळक अक्षरांत, मामाच्या गावासकट! चोराला काही शोधायची गरजच ठेवत नाही आपण, आणि वर गणपतीचं चित्र टाकून त्यालाच शुभारंभाच्या शुभेच्छा देतो. मी दात-ओठ खात तो टाइप केला आणि खाली ईमेलचा खास पत्ता टाकला. आधी 'राऊत-आगाशी', पुढे आमचं डोमेन.

"ताई, हा फक्त राऊतांना पाठवायचा."

"हो रे बाबा, कळतं मला," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राऊतांचा फोन आला.

"सावंतसाहेब, बायोडाट्यावर ईमेल हाय तो कोनाचा?"

"माझाच."

"मंग त्यात आमचं नाव कशाला? आमच्या नावानं खातं काढलंत तुमी? लग्न अजून ठरलं पन नाय!"

मी त्यांना बेलची गोष्ट नीट समजावून सांगितली. तीच चूक झाली.

"म्हनजे आमी तुमची माहिती इकू, म्हनून पाळत ठेवलीत?"

"पाळत नाही हो, खबरदारी!"

"आमी काय चोर हाव काय?" आणि फोन कट.

मैथिली समोरच उभी होती. "बाबा, तुम्ही काय केलंत?" एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. त्या दिवशी भांडी मी घासली.

मध्ये पडून ताईने राऊतांची समजूत काढली. रविवारी राऊत पती-पत्नी आणि प्रथमेश आमच्याकडे येणार, पोहे खाऊन जाणार आणि मी तोंड बंद ठेवणार, असं ठरलं. ताई सकाळपासूनच येऊन बसली. बायकोने पोहे भिजवले. आणि नेमकी तेव्हाच राऊतांच्या नावाची बेल वाजली! विरारच्या एका हॉलवाल्याचा ईमेल. मागोमाग मेंदीवाली. मग केटरर. मग 'मंगळदोष घरबसल्या घालवा'!

"सापडला चोर!" मी ओरडलो. "हा पत्ता फक्त राऊतांना दिला होता!"

"अहो, हळू बोला! पाहुणे लिफ्टमध्ये आहेत!" बायको कळवळली.

मी तोंड बंद ठेवलं. चपला काढून होईपर्यंत ठेवलं. मग राऊत सोफ्यावर बसले, त्यांनी प्रेमाने वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांचं, म्हणजे सुकेळ्यांचं पाकीट पुढे केलं, आणि मी त्या पाकिटावरच मोबाईल ठेवला. "राऊत, माझ्या मुलीची माहिती तुम्ही कोणाकोणाला वाटलीत?"

राऊतांनी एकेक जाहिरात वाचली. चेहरा लाल होत गेला. "चला, उठा!" ते बायकोला म्हणाले. "पोह्याच्या आधी चोर ठरवतात, अशा घरात सोयरीक नाय करायची!"

मैथिली पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थिजली. तिच्याकडे बघून माझा सगळा संताप खाडकन उतरला.

प्रथमेश मात्र उठला नव्हता. "काका, हा बायोडाटा अजून कोणाकडे गेलाय?"

"कोणाकडेही नाही! फक्त तुमच्याकडे!"

"आणि ग्रुपवर," ताई सुकेळं चघळत म्हणाली.

"कुठल्या ग्रुपवर?"

"सगळ्याच. वधू-वर ग्रुप, आपली गावकी, भिशी, योगा क्लास. एका स्थळावर विसंबून राहतं का कोणी, सुध्या? यांनी नाही म्हटलं असतं तर?"

"अगं ताई, त्यावर राऊतांचं नाव होतं!"

"तू एवढा मेहनतीने टाइप केलेलास. म्हटलं, परत कशाला त्रास द्यायचा?"

राऊत मटकन बसले. "आता समजलं! कालपासून अर्नाळ्यापासून पार वसईपर्यंत सगळे माझं अभिनंदन करतात. म्हनतात, पोरीच्या बायोडाट्यावर तुमचंच नाव हाय, म्हनजे ठरलंच! मी सांगून सांगून दमलो, बाबांनो, अजून बोलनी चाललीत!"

राऊतवहिनींनी मैथिलीच्या हातातून ट्रे घेतला. "आता मोडलं, तर कोनाकोनाला सांगत फिरायचं हो?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्यापेक्षा ठरलंच म्हना."

प्रथमेशने मैथिलीकडे पाहिलं, मैथिलीने पोह्यांकडे पाहिलं, आणि माझ्या घरातून माहिती फुटली म्हणून माझ्या मुलीचं लग्न ठरलं! मी हात जोडून राऊतांची माफी मागितली. त्यांनी सुकेळ्यांचं पाकीट माझ्या हातात कोंबलं.

पुढे गंमत अशी, की राऊतांना माझी बेल मनापासून पटली. त्यांनीही स्वतःचं डोमेन घेतलं आणि मोठ्या मानाने मला एक पत्ता दिला, 'सावंत-व्याही' नावाचा. "हा फक्त तुमाला. दुसऱ्या कोनाला नाय."

लग्नाचा बस्ता बांधून आठवडा झाला असेल नसेल, त्यांचा फोन आला. आवाज थंड होता.

"व्याहीबुवा, तुमच्या बेलवर आज मॉड्युलर किचनवाला आला. मागून चिंचोटीचा प्लॉटवाला पन आला."

मी ठामपणे सांगितलं, "शक्यच नाही! मी कोणालाही..." आणि मला बस्ता घेतला त्या साडीच्या दुकानातला, सोन्याच्या नाण्याच्या लकी ड्रॉचा डबा आठवला. कुपनावर आपला पत्ता कधीच लिहायचा नाही, हे तत्त्व मी तिथेही कसोशीने पाळलं होतं. मी व्याह्यांचा लिहिला होता.