लीग गुंडाळायला देवनहळ्ळीला

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. लिहिणं हे शिकलेल्या घरांतलं काम, ही समजूत माझ्या मनातून अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

आमची एक जुनी आंतरकॉलेज लीग होती. महादेवपुऱ्यात आयटी पार्कांच्या मागे असलेलं आमचं कॉलेज, बोम्मसंद्र्याचं, विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीचं आणि अजून दोन-तीन तिच्यात खेळायची. मग शहरातल्या खासगी विद्यापीठांनी नवी लीग काढली आणि आमच्यापैकी बहुतेकांना बोलावलं. तिथे फ्लडलाइट, प्रायोजक, फुटबॉल, बास्केटबॉल सगळं होतं. खो-खो नव्हता. मी खो-खो खेळतो, आणि माझं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं.

जुनी लीग सोडायची तर नोटीस देऊन आणखी एक हंगाम खेळावा लागे, असा नियम होता. नवी लीग तर याच वर्षी या म्हणत होती. जुनी बरखास्तच केली की नोटिशीचा प्रश्न मिटत होता. पण त्यासाठी प्रत्येक कॉलेजची सही हवी. देवनहळ्ळीची सही येईना. त्यांना नवीत कुणी बोलावलंच नव्हतं.

तिथल्या क्रीडाशिक्षिका घरी मराठी बोलतात, असं आमच्या खेळाच्या सरांना कळलं. "तू चल. तुमच्या भाषेत सांगितलंस तर ऐकतील," सर हिंदीत म्हणाले. सरांना नाही म्हणता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत राहिलो.

पोचलो तेव्हा त्या शिक्षिका मैदानात खो-खोचे खांब रोवून घेत होत्या.

"मॅडम—"

"मॅडम काय, अक्का म्हण. स्वल्प पाणी पी आधी."

पाणी प्यायलो. "अक्का, लीग गुंडाळली तर सगळ्यांच्या सोयीचं होईल."

"सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या रे? आणि आमच्या पोरांनी काय, विमानं मोजत बसायची?"

सरांना मराठी कळत नव्हती. ते मान हलवून मला धीर देत होते.

"तू काय खेळतोस?"

"खो-खो."

"नव्या लीगमधी आहे?"

"नाही."

"मग आपल्याच खेळाला खो घालायला इतक्या लांब आलास होय?"

"सरांनी आणलं," मी म्हणालो. आणि मग अक्काने काही विचारलं नसताना, "मला खेळायचंय, अक्का."

ती हसली नाही. "सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि सरांकडे वळून तिने कन्नडमध्ये सांगितलं, की सही मिळणार नाही. पोरगा बोलला मात्र चांगला.

परतताना सरांनी मला डोसा खाऊ घातला. "प्रयत्न केलास," म्हणाले.

पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. सराव बंद होता. वडील कारखान्यातून आले की विचारायचे, "खेळाचं काय ठरलं?" मी म्हणायचो, अजून नाही.

शेवटी संघाच्या ग्रुपवर सरांचा निरोप आला. देवनहळ्ळीने सही केली नव्हती. नवी लीग एक वर्ष थांबायला तयार झाली होती. देवनहळ्ळी सोडून सगळ्यांनी नोटीस दिली होती, म्हणजे पुढल्या वर्षी लीगमध्ये ते एकटेच उरणार होते. यंदाचा हंगाम मात्र सगळ्यांना खेळावाच लागणार होता. खो-खोचा सराव सोमवारपासून.