सरकारांचं जेवण झाल्यावर

माझ्या आईनं ज्या माणसाला उभ्या जन्मात पाहिलं नाही, त्याच्या जेवणाची वाट बघत ती उपाशी बसायची. तो माणूस घाटावरच्या एका लहानशा संस्थानाचा राजा होता. आमच्या घरात त्याला सरकार म्हणत. भाईंदरला, मिठागराच्या कडेला, दोन खोल्यांच्या घरात राहून आम्ही त्याचा दिवस जगत होतो, आणि त्याला याचा पत्ताही नव्हता.

आबा, म्हणजे माझे वडील, पूर्वी त्या राजवाड्यात ताटावर होते. सरकार पाटावर बसण्याआधी ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा एकेक घास आबांनी खायचा, थोडा वेळ भिंतीशी उभं राहायचं, आणि आबांना काही झालं नाही की सरकारांनी ताटाला हात लावायचा. विष कोण घालणार होतं देव जाणे. तेवढ्याशा संस्थानासाठी विषाचा खर्चसुद्धा कुणी केला नसता. पण रीत होती. दुसरी रीत अशी, की सरकारांचं जेवण होऊन विडा तोंडात पडेपर्यंत चाकरांपैकी कुणी जेवायचं नाही. आबांच्या घासांना तेवढी सूट होती, कारण चाखणं ही चाकरी, ते जेवण नव्हे.

पुढे राजवाड्यातली माणसं कमी करायची ठरलं आणि आबांची चाकरी गेली. माझे मामा भाईंदरच्या मिठागरावर मुनीम होते, त्यांनी शब्द टाकून आबांना तिथे देखरेखीच्या कामावर लावलं. मी तेव्हा मराठी तिसरीत होते. सामान आलं ते एका बैलगाडीत मावलं. राजवाडा मात्र आबा डोक्यात घालून घेऊन आले.

त्यांना सरकारांचा सगळा दिवस पाठ होता. पहाटे चौघडा, मग स्नान, देवपूजा. सूर्य वर आला की घोडा. परत येऊन कपडे बदलून कचेरी, तिथे दिवाणांनी कागद वाचायचे आणि सरकारांनी मान हलवायची. बाराला ताट. मग विडा, वामकुक्षी, तिसऱ्या प्रहरी भेटीला आलेली माणसं, संध्याकाळी मोटारीतून तळ्यापर्यंत फेरी, दिवेलागणीला मुजरे, रात्री गाणं. आबा छत्री घेऊन बांधावर उभे असायचे, समोर माणसं फळ्यांनी मीठ ओढत असायची, आणि आबा मध्येच म्हणायचे, आता सरकार कचेरीत बसले असतील. कामावरची माणसं हसायची. सकाळी सकाळी कुणीतरी मुद्दाम विचारायचं, काय, उठला का तुमचा राजा? आबांना त्यातली थट्टा कळायची नाही. ते उत्तर द्यायचे.

मिठाच्या चौकीवर शिपाई तास वाजवायचा. बाराचे टोल पडले की आबा घरी येऊन हातपाय धुऊन ओटीवर बसत. पानं मांडलेली असत, भात निवत असे. आता चाखून झालं असेल, आता वरणभात झाला असेल, आता आचवले असतील, असं सगळं त्यांच्या मनात चाललेलं असे. मग विडा झाला असेल एवढा अंदाज घेऊन ते उठून पाटावर बसत. आणि आबांचं जेवण उरकलं की आई बसे, कारण नवऱ्याच्या आधी जेवायचं नाही ही तिची रीत. राजामागे आबा, आबांमागे आई. माझ्यापुरती ही साखळी आईनंच तोडली होती. शाळेतून आले की ती मला आधी वाढायची, आणि मी जेवायची. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. घरात एकाचं तरी पोट वेळेवर भरायला हवं होतं.

एवढ्यावर थांबतं तरी चाललं असतं. दीड-दोन वाजता जेवणाऱ्या बायका काय कमी होत्या? पण मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन गोडदेवच्या शाळेत बिगरीचा वर्ग शिकवायला लागले त्या सुमाराला आईला हिवताप जडला. आमच्याकडे तो घरोघर होता, खाजणात डासांना काय तोटा? येई, जाई, पुन्हा येई. आई वाळत चालली. डॉक्टरांनी कोयनेल दिलं आणि मला बाजूला घेऊन बजावलं, की हिला रिकाम्या पोटी ठेवू नका, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं पोटात गेलंच पाहिजे, औषधापेक्षा तेच महत्त्वाचं.

आणि नेमके तेव्हाच सरकार हवापालटाला विलायतेला गेले.

आबांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि दोन दिवस ते बेचैन होते. तिसऱ्या दिवशी स्टेशनमास्तरांकडे गेले आणि विचारून आले, की विलायतेत बारा वाजतात तेव्हा इथे किती वाजलेले असतात. मास्तरांनी सांगितलं, साडेपाच. त्या दिवसापासून आबा संध्याकाळी सहाला जेवायला लागले. रात्रीच्या जेवणाचा हिशेब मांडला तर तो मध्यरात्रीच्या पुढे जात होता, म्हणून त्यांनी ते जेवणच सोडून दिलं. सकाळी कामावर जाण्याआधी कपभर चहा आणि दिवस मावळताना एक जेवण. आबांची प्रकृती दणकट, त्यांना ते सोसलं. आईचा दिवसही तसाच झाला. आबा चहा घेऊन गेले की ती चहा घ्यायची, आणि मग दिवे लागेपर्यंत काही नाही.

मी भांडले. मला राग येतो तेव्हा माझा आवाज चढतो, तो त्या दिवसांत उतरलाच नाही. आबांना म्हटलं, तुम्ही बाराला जेवा, आई मरेल नाहीतर. ते म्हणाले, मी तिला जेवू नको असं कधी म्हटलं? हे खरंच होतं. त्यांनी तिला अडवलं नव्हतं. आईला म्हटलं, ऐकलंस ना, ते अडवत नाहीत, जेव. ती म्हणाली, ते उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरेल का? एकाकडून दुसऱ्याकडे मी अशी चेंडूसारखी जायची आणि परत यायची.

मामा येऊन बोलले. त्यांनी सरळच विचारलं, "दाजी, त्या राजाला तुमचं नाव तरी आठवत असेल का?"

"मला त्यांचं आठवतं. तेवढं पुरे," आबा म्हणाले. मामा चहा न घेता निघून गेले.

शेजारची मिठाच्या पाट्या वाहणारी आगरी बाई रोज जाता-येता दारात थांबायची. मी एकदा तिला सगळं समजावून सांगायला गेले, विलायत, घड्याळ, ताट. तिनं मला मध्येच तोडलं. "तो राजा ऱ्हाऊ दे. तुजी आय जेवली का न्हाय?" एका वाक्यात तिनं जे विचारलं ते आमच्या शिकल्यासवरल्या घरात कुणी विचारत नव्हतं.

मग मला एक युक्ती सुचली. आबाही सरकारांच्या आधी घास घेत होतेच की. चाखणं म्हणजे जेवण नव्हे हे त्यांचंच म्हणणं. मी सकाळची शाळा सुटून आले की भाताची पेज करायची आणि वाटीत घेऊन आईपाशी बसायची. म्हणायची, मीठ बरोबर पडलंय का बघ. आईनं एक चमचा घेतला. मी म्हटलं, नीट कळलं नसेल, परत बघ. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पण तिला भूकही लागली होती. तिनं दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. दोन तासांनी मुगाचं कढण केलं, त्याचं मीठ बघायला लावलं. मग दूध, त्यातली साखर.

असं काही आठवडे चाललं. आईच्या तोंडावर तजेला आला. ताप येई, पण पूर्वीसारखा हाडं खिळखिळी करून जात नसे. एकदा ती उठून तुळशीपर्यंत गेली. मी वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावून मनात दुपारी काय करायचं ते ठरवत बसायची. इतकी आनंदात मी त्या घरात कधीच नव्हते.

आईनंच ते आबांना सांगितलं. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की माझ्या आईसारखी प्रामाणिक बाई मी पाहिली नाही, आणि तो प्रामाणिकपणा मला चुलीत घालावासा वाटला. आबा जेवून उठले होते. ती म्हणाली, "अहो, मी दुपारी चाखते. चार-पाच वेळा. एवढं चालतं ना?"

आबा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. त्यांनी विचार केला, एखाद्या जुन्या जाणत्या माणसाला रीत विचारली की तो करतो तसा, आणि म्हणाले, "चाखणं एका घासाचं असतं. पोटात आधार वाटेपर्यंत चाखलं की ते जेवणच झालं."

बस्स. दुसऱ्या दिवसापासून आई एक घास घ्यायची आणि वाटी बाजूला सारायची. मी पाया पडले, रडले, वाटी आपटली. ती म्हणायची, "त्यांचं होऊ दे."

भाद्रपदात ती गेली. चौकीवर चार वाजलेले मी ऐकले. पेज पुढ्यात होती. त्या दिवशीचा एक घासही तिनं घेतला नव्हता. आबा मिठागरावर होते, त्यांना बोलवायला शेजारच्या बाईचा मुलगा धावला. ते आले, आईच्या उशाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांचं आईवर प्रेम होतं. हे मला सांगावंच लागतं, कारण नसतं तर सगळं किती सोपं झालं असतं.

थोड्याच दिवसांत विलायतेकडे लढाई पेटली आणि सरकार मिळेल त्या बोटीनं परत आले. आबांनी वर्तमानपत्राची घडी केली, आणि दुसऱ्या दिवशी बाराचे टोल पडल्यावर घरी येऊन ओटीवर बसले. वेळ पुन्हा पहिल्यासारखी झाली. मी त्यांना वाढलं.

लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली. सरकारांचं राज्य गेलं, आबांचा बारा वाजताचा नेम गेला नाही. त्याच सुमाराला एक दिवस राजवाड्यातला आचारी आमचं घर शोधत आला. त्याची चाकरी सुटली होती, मुंबईकडे काही काम बघावं म्हणून तो आला होता. आबा त्याला बघून इतके हरखले की त्यांनी स्वतः त्याच्या पायांवर पाणी घातलं. दोघे ओटीवर बसले. बारा वाजून गेले होते, मी आत पानं घेत होते.

आबांनी सरकारांचं विचारलं. अजून बाराला ताट मांडतात का? आचारी म्हणाला, आता कसलं ताट, सरकार उठतातच कधीतरी दुपारी, विलायतेहून आल्यापासून सगळा कारभार असाच. आणि मग तो हसून म्हणाला, "तसं तुमच्या वेळी तरी बाराला त्यांना भूक कुठे असायची, दादा? घोड्यावरून आले की दहालाच पलंगावर अंडी, पाव, लोणी असा सगळा ट्रे संपवलेला असायचा. तुम्हाला ठाऊकच आहे की, तुम्हीच तर कधीमधी आत नेऊन द्यायचात."

माझ्या हातातली पळी थांबली. मी दारात आले. आबा नाही म्हणतील, याची मी वाट पाहिली.

"हो," आबा म्हणाले. "पण ते जेवण नव्हे. पाटावर बसल्याशिवाय जेवण कसलं?"

मग मी बोलले, आणि आश्चर्य म्हणजे आवाज चढला नाही. "म्हणजे सरकारांनी पलंगावर पोटभर खाल्लं तरी ते जेवण नव्हे. आणि माझ्या आईनं अंथरुणावर चार घास चाखले, ते जेवण."

आचाऱ्याला काही कळलं नाही. तो एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघू लागला. आबांना कळलं असावं, निदान क्षणभर तरी, कारण त्यांचे ओठ हलले. पण ते माझ्याशी बोलले नाहीत. पाहुण्याकडे वळले आणि भरून आलेल्या आवाजात म्हणाले, "हिची आई माझ्या आधी कधी जेवली नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही."

आचाऱ्यानं हात जोडले. भाग्यवान बाई, असं म्हणाला. आबांनी मान हलवली आणि डोळे पुसले. दोघांनाही ते मनापासून वाटत होतं, आणि त्या घरात माझी आई उपाशी मेली असं म्हणणारी मी एकटीच होते. मी आत गेले आणि दोघांना जेवायला बोलावलं.