तिसऱ्या बाकावरचा खोकला

नवा हेडफोन आमच्या कानांवर चढवून ते टेप चालू करायचे आणि जरा वेळाने विचारायचे, "सांग, खोकला कुठं बसलाय?"

कोलोनच्या आमच्या कारखान्यात त्यांची सही झाल्याशिवाय हेडफोन बाजारात जात नसे. सांगलीचे होते, माझ्याआधी बरीच वर्षं इथे आलेले. मी त्यांना काका म्हणायचो.

तुम्हीही पाहिलं असेल, नवं यंत्र घेताना लोक आवडीचं गाणं लावतात. काका म्हणायचे, "आवडीचं गाणं लावलं की माणूस यंत्र तपासत नाही, नुसता खूश होतो."

त्यांची टेप वेगळी होती. एका लहान चर्चमध्ये चार वादक वाजवत असताना त्यांनी स्वतः दोन मायक्रोफोन लावून ती केलेली. तीत खुर्ची करकरते, पानं उलटतात आणि एक म्हातारा खोकतो. "तो संगीतासाठी नाही, हीटिंगच्या उबेसाठी यायचा," काका सांगायचे. चांगल्या हेडफोनमध्ये तो डावीकडे, तिसऱ्या बाकावर, खांबाआड बसलेला कळे.

जर्मन सहकारी चिडवायचे, "डॉक्टरसाहेब, तुमचा पेशंट कसा आहे?"

"जा, माझ्या टेपवर ठणठणीत. तुमच्या हेडफोनमध्ये मरतो."

मग मी केलेला पहिला हेडफोन त्यांच्यासमोर आला. हलका, स्वस्त. माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ, संपत आली होती. हेडफोन नापास झाला तर नोकरी जाणार, तिच्यामागे राहण्याचा परवानाही.

"खोकला कुठं बसलाय?"

"डोक्याच्या मधोमध, काका."

त्यांनी स्वतः ऐकलं. टेप थांबवली. म्हणाले, "सूनबाईला कितवा महिना?"

"सातवा."

ते उठले आणि जाहिरात विभागातली एक टेप घेऊन आले. स्टुडिओतलं गाणं. मायक्रोफोनला ओठ लावून गाणारी एकटी बाई. ना सभागृह, ना खुर्ची. "हिच्यात सगळं मधोमधच आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. कारखान्याच्या साहेबांनी ऐकून "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हटलं. काकांनी सही केली.

तो हेडफोन खूप खपला. मला बढती मिळाली. त्यानंतर प्रत्येक चाचणीला तेच गाणं लागू लागलं. नव्या मुलांना काका काहीच विचारत नसत. एकदा कुणीतरी जुन्या सवयीने पेशंटची चौकशी केली.

"बरा झाला," काका म्हणाले. "घरी गेला."

पुढच्या हिवाळ्यात काकाही नोकरी सोडून सांगलीला निघाले. स्टेशनवर मला बोलायचं होतं. "काका, माझ्यामुळे तुम्ही..." एवढंच म्हणालो.

"लेक झोपू देते का रे तुम्हाला?" त्यांनी विचारलं आणि चर्चची टेप माझ्या हातात ठेवली. गाडी सुटेपर्यंत ते तिच्याच दुधाच्या दातांबद्दल बोलत राहिले.

वर्षभराने ते गेल्याचं कळलं. टेप माझ्याकडे आहे. कारखान्यात आता कितीतरी चांगले हेडफोन आहेत, पण मी तो माझा पहिलाच लावतो. वादक वाजवतात, पान उलटतं, म्हातारा खोकतो. डावीकडे नाही, खांबाआड नाही. इथे, माझ्या डोक्याच्या मधोमध.